फी कोणत्या वर्षाची, भाषा कोणत्या घरची?

संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर



मी वक्ता नव्हे. माझी नोकरीची वर्षे शाळेच्या फीच्या खिडकीमागे गेली. चौदा वर्षे आखातातील एका शाळेत आणि परत आल्यावर अकरा वर्षे आपल्या राज्यातील एका इंग्रजी शाळेत मी हिशेबनीस होतो. पावत्या फाडणे, थकबाकीच्या याद्या करणे आणि पालक रागावले की ऐकून घेणे हे माझे काम. चिटणीससाहेबांनी जेव्हा फर्मावले की आंतरराष्ट्रीय शाळेच्या निवडीवर बोला, तेव्हा मी म्हणालो, शिक्षणशास्त्रावर बोलावयास येथे जाणकार बसले आहेत. मला खिडकीतून जे दिसले तेवढे मी सांगतो.

गेल्या रमजानच्या आधी आमच्या मोहल्ल्यातील एक भगिनी माझ्याकडे एक रंगीत माहितीपत्रक घेऊन आल्या. पती कतारला, दोन मुले, आणि मुलांच्या शिक्षणासाठी नवी मुंबईत भाड्याने घर घेण्याचा विचार. पत्रकावर घोड्यावर बसलेला मुलगा होता, पोहण्याचा तलाव होता आणि ठळक अक्षरांत लिहिले होते, बहुभाषिक आंतरराष्ट्रीय शाळा. त्या म्हणाल्या, "भाईजान, फी वर्षाला दोन लाख आहे. ह्यांना फोनवर विचारले, ते म्हणतात जमेल. तुम्ही फक्त शाळा चांगली आहे की नाही तेवढे सांगा." मी उलट विचारले, "दोन लाख कोणत्या वर्षाचे? आणि बहुभाषिक म्हणजे कोणत्या भाषा?" त्यांनी पत्रक उलटसुलट करून पाहिले. दोन्हींचे उत्तर त्यात नव्हते. माझे आजचे बोलणे त्या दोन प्रश्नांपुरतेच आहे.

त्याआधी 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाचा निकाल लावून टाकू. हा शब्द पाटीवर रंगवण्यास फारसे काही लागत नाही. पाटीवर इंटरनॅशनल आणि आत सीबीएसईचा किंवा चक्क राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, अशा शाळा पुष्कळ आहेत. ते अभ्यासक्रम वाईट नाहीत. पण पाटीवरच्या शब्दाचे वेगळे दाम मोजावयाचे की नाही हे तुम्ही ठरवावे. आपल्या राज्य शासनानेही २०१८ साली महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले होते आणि २०२१ मध्ये ते बंद केले. खऱ्या अर्थाने परदेशी म्हणता येतील अशा दोन पद्धती आपल्याकडे मुख्यत्वे दिसतात. एक आयबी, जिची स्थापना १९६८ साली जिनिव्हात झाली. दुसरी केंब्रिजची, जिची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा १९८८ साली सुरू झाली. आयबीच्या बाबतीत एक शब्द नीट वाचा. शाळा 'उमेदवार' आहे की 'मान्यताप्राप्त'? उमेदवार म्हणजे अर्ज केला आहे, मान्यता मिळावयाची आहे.  मान्यताप्राप्त शाळांची यादी आयबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. घरातील दहावीचे पोरसुद्धा पाच मिनिटांत शोधून देईल.

आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमास भारतीय विद्यापीठ संघ बारावीशी समकक्ष मानतो. मात्र ज्यांना मुलामुलींना डॉक्टर करावयाचे आहे त्यांनी सावध असावे. त्या डिप्लोमात सहा गटांतून विषय निवडावे लागतात, त्यामुळे पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय एकत्र सहजी बसत नाहीत. त्यासाठी शाळेला खास परवानगी काढावी लागते. हे अकरावीत कळून उपयोगाचे नाही.

आता भाषा. आपल्या कोकणातील मुसलमान घरातले मूल पाहा. आजीशी ते कोकणी बोलते. मक्तबात अरबी अक्षरे वाचते. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत उर्दू ऐकते. दुकानात, एस. टी. स्टँडवर, शेजारच्या कुळवाड्याच्या घरी मराठी बोलते. मोबाईलवर हिंदी कानांवर पडते आणि शाळेत इंग्रजी. म्हणजे शाळेच्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वीच ते बहुभाषिक झालेले असते आणि त्यासाठी आजीने एक पैसा फी आकारलेली नाही. मग शाळा 'बहुभाषिक' म्हणते तेव्हा ती नेमके काय विकते आहे?

बहुधा असे असते की माध्यम एकच, इंग्रजी; आणि बाकीच्या भाषा विषय म्हणून, आठवड्याला दोन किंवा तीन तास. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांची नावे पत्रकावर शोभून दिसतात. माझा या भाषांना विरोध नाही. पण माध्यम आणि विषय यांत विहीर आणि घागर एवढा फरक आहे. आठवड्याच्या दोन तासांत मूल भाषेची तोंडओळख करून घेते, भाषा शिकत नाही. म्हणून शाळेत गेल्यावर असे विचारा : या भाषेचे आठवड्याला तास किती? शिकवणारे शिक्षक कायम आहेत की तासावर येणारे? भाषा दहावीच्या परीक्षेपर्यंत चालू राहते की सातवीला थांबते? आणि किती मुले असली म्हणजे तुम्ही वर्ग चालवता? हा शेवटचा प्रश्न मी खिडकीत बसून शिकलो. आमच्या शाळेत पत्रकावर उर्दू होती, अनेक वर्षे होती. पण किमान मुले जमली नाहीत म्हणून एकदाही वर्ग भरला नाही. उर्दूसाठी आलेली मुले दुसऱ्या भाषेत वाटली गेली. पत्रक खोटे नव्हते, तळाशी बारीक अक्षरांत तशी अट होती.

एक गोष्ट आयबीच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. तिच्या प्राथमिक शाळेत सातव्या वर्षापासून दुसरी भाषा शिकवावीच लागते, आणि डिप्लोमाला पोचलेल्या विद्यार्थ्याची मातृभाषा शाळेत शिकवली जात नसेल, तर तिचे साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासून परीक्षा देण्याची सोय आहे. फारच थोडे पालक ही सोय मागतात. आपली भाषा मागावयास आपल्यालाच संकोच वाटतो.

मराठीच्या बाबतीत तर मागावयाचीही गरज नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला आहे. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. तरीही मराठीचा तास कागदावर आणि प्रत्यक्षात त्या वेळी चित्रकला, असे चालू नये म्हणून मुलाची वही पाहावी. काहीजण म्हणतील, उद्या कॅनडास जाणाऱ्या पोराला मराठी कशाला? जाईल तेव्हा जाईल. सातबाऱ्याचा उतारा मराठीत येतो, तलाठ्याची नोटीस मराठीत येते, आणि बापाच्या पश्चात जमिनीच्या वारसनोंदीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी माझ्या डोळ्यांसमोर पदवीधरांवर आलेली आहे.

माझ्या भाच्याची हकीकत सांगतो, कारण तीत माझा स्वतःचा दोष आहे. बहिणीचे कुटुंब आखातात होते. मुलगा ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत. तेथे अरबी होतीच. दुसऱ्या पर्यायी भाषेत हिंदी की फ्रेंच असा प्रश्न आला तेव्हा बहिणीने मला विचारले. 'घरात हिंदी कानांवर पडतेच, फ्रेंच घ्या,' असे सांगणारा मी होतो. २०२० साली मेहुण्यांची नोकरी गेली. मुलगा तेव्हा आठवीत. एका सत्राची फी थकली होती. ती चुकती होईपर्यंत शाळेने दाखला अडवून ठेवला. शाळेचे नाव घेत नाही, कारण इतरत्रही मी असेच घडताना पाहिले आहे, आणि अशा याद्या मी स्वतःही केलेल्या आहेत. बहिणीने दोन बांगड्या मोडल्या तेव्हा दाखला हाती आला. त्यावर शिक्के घेऊन ते गावी परतेपर्यंत वर्ष हातचे गेले. येथे नववीत बसला तो गणितात वर्गाच्या पुढे, आणि मराठीच्या तासाला पहिलीच्या पोरासारखा. देवनागरी अक्षरच ओळखीचे नव्हते. हिंदी घेतली असती तर निदान ते तरी ओळखीचे असते. बोलावयाचा मात्र आमच्यासारखीच कोकणी, अगदी म्हणींसह. एका शिक्षिकाबाईंनी शाळा सुटल्यावर वर्षभर त्याला अक्षरे गिरवावयास लावली. आता तो महाविद्यालयात आहे, ठीक चालले आहे. पण ते वर्ष आणि त्या बांगड्या मी विसरलेलो नाही. शाळेचा सर्वांत महाग खर्च कोणत्याही फीपत्रकात लिहिलेला नसतो. तो म्हणजे शाळा मध्येच सोडावी लागण्याचा.

म्हणून आता दोन लाखांचा हिशेब. त्या भगिनींसमोर मी पाठकोऱ्या कागदावर मांडला होता तसाच मांडतो. समजा पहिलीची फी २,००,००० रुपये. समजा ती दरवर्षी दहा टक्के वाढते. वाढ कमीजास्त होईल, पण आपण दहा धरू. पाचवीत ती सुमारे २,९३,००० होते, आठवीत सुमारे ३,९०,०००, आणि दहावीत सुमारे ४,७२,०००. दहा वर्षांची बेरीज वीस लाख नव्हे, जवळजवळ बत्तीस लाख. बस, पुस्तके, गणवेश, खाणे, सहल या सर्वांस मी फीचा पाव हिस्सा धरतो. म्हणजे आणखी आठ लाख. एका मुलाचे चाळीस लाख, दोघांचे ऐंशी. त्या भगिनी काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या गावच्या घराचेसुद्धा एवढे येणार नाहीत." मुंबईतील काही आयबी शाळांत वरच्या वर्गांची फी एका वर्षाला दहा लाखांच्या पुढे आहे. त्यांचा हिशेब मी मांडत नाही.

फीपत्रक हातात आले की त्यातील रकमा तीन ढिगांत वेगळ्या करा. एकदाच द्यावयाच्या आणि परत न मिळणाऱ्या, जसे प्रवेशअर्ज आणि प्रवेश फी. एकदाच द्यावयाची पण परत मिळणारी अनामत. आणि दरवर्षीच्या. अनामत परत कधी, किती दिवसांत, कोणती पावती दाखवल्यावर, हे लेखी घ्या. दहा वर्षांनी मूळ पावती हरवली म्हणून अनामत सोडून देणारे पालक मी कितीतरी पाहिले. वार्षिक रकमांत 'शिकवणी' आणि 'इतर' यांचे आकडे वेगळे मागा. याचे एक साधे कारण असे की जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यास दोन मुलांच्या शिकवणी फीवर, इतर गुंतवणुकीसह दीड लाखाच्या मर्यादेत, वजावट मिळते. विकासनिधी किंवा देणगी म्हणून भरलेल्या पैशांवर ती मिळत नाही. केंब्रिज आणि आयबीच्या परीक्षांची फी विषयागणिक असते आणि ती शिकवणी फीच्या बाहेर येते. राज्य मंडळाच्या परीक्षा फीशी तिची तुलनाच नको. ज्या वर्षी ती येते त्याच वर्षी लॅपटॉपही लागतो.

हप्त्यांबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण येथे आपली माणसे हमखास गोंधळतात. शाळा म्हणते, "फी एकदम नको, बिनव्याजी बारा हप्ते करून देतो." सही करताना पाहा, कागद शाळेचा आहे की एखाद्या वित्त कंपनीचा. पुष्कळदा कंपनी वर्षाची फी शाळेला एकरकमी देते, शाळा तिला काही सूट देते, आणि तुम्ही कंपनीचे कर्जदार होता. व्याज तुमच्या कागदावर दिसत नाही; ते त्या सुटीत असते, किंवा 'प्रक्रिया शुल्क' या नावाने असते. ज्या घरांना व्याजापासून दूर राहावयाचे आहे त्यांनी हा कागद आलिमसाहेबांना दाखवून मगच पुढे जावे. आणि व्याजाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक अडचण उरते. मूल मध्येच शाळेतून काढले तरी कंपनीचे हप्ते थांबत नाहीत. शाळेकडून पैसे परत मिळवणे हे तुमचे तुम्ही पाहावयाचे. शाळा स्वतःच सत्रागणिक किंवा महिन्याने फी घेत असेल तर तेच बरे.

कायदा तुमच्या बाजूस अगदीच नाही असे नव्हे. महाराष्ट्रात फी नियमनाचा २०११ चा कायदा आहे, तो २०१४ पासून अमलात आला. त्याप्रमाणे प्रत्येक खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, त्याच्या कार्यकारी समितीतील पालक इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, आणि व्यवस्थापनाने सुचवलेली फी या समितीपुढे मंजुरीस जाते. ठरलेली फी सूचनाफलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावावी लागते. बहुभाषिकपणाची ही पहिली परीक्षा घ्या : शाळेच्या फलकावर मराठीतील फीपत्रक आहे का? फीविरुद्ध दाद मागावयाची तर नंतरच्या दुरुस्तीनुसार किमान पंचवीस टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. म्हणून चिठ्ठीत नाव टाका. माझ्या अकरा वर्षांत आपल्या समाजातील पालकांची नावे त्या डब्यात मी क्वचितच पाहिली. फी वाढल्यावर मात्र खिडकीपाशी सर्वजण येत. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी मागितलेली देणगी, ही तर १९८७ च्या राज्याच्या कायद्यापासून मना आहे. ती मागताना पावती देत नाहीत, यावरूनच काय ते समजावे.

शिक्षण हक्क कायद्याखाली विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हे लागू नाही, तेव्हा आपल्याच समाजाच्या शाळेत ही जागा मागून काही मिळावयाचे नाही. दुसरीकडे अर्ज करा. पण एक गोष्ट या सभागृहातील प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. ही फुकट जागा आठवीपर्यंतची आहे. नववीच्या पहिल्या दिवशी पूर्ण फी समोर उभी राहते. मूल आठ वर्षे त्या शाळेत रमलेले, मित्र तेथले, आणि बाप रिक्षा चालवणारा. ही पाळी सहावी-सातवीतच ओळखून शाळेशी, शिष्यवृत्तीवाल्यांशी, आपल्या संस्थेशी बोलणे सुरू करावे.

जे पालक दुबईत आहेत त्यांचे काम थोडे सोपे आहे. तेथील केएचडीए या प्राधिकरणाकडे प्रत्येक खाजगी शाळेचे फीपत्रक पाहावयास मिळते आणि फीवाढीची मर्यादाही तेच घालून देते. अमिरातीत अरबी भाषा आणि मुस्लिम विद्यार्थ्यांना इस्लामी शिक्षणाचा विषय खाजगी शाळांतही असतोच. मराठी मात्र सहसा नसते. ती घरी सांभाळावी लागेल, रोज अर्धा तास.

मग घ्यावी की नाही अशी शाळा? माझे मत विचाराल तर असे आहे. आखातातील पगार एक वर्ष पूर्ण थांबला तरी मुलाची फी भरता येईल एवढी रक्कम बाजूला असेल, आणि दहावीपर्यंतची बेरीज घर किंवा जमीन न विकता होत असेल, तर खुशाल घ्या. तेवढे नसेल तर जवळची चांगली शाळा पाहा, जेथे इंग्रजीचे शिक्षक बरे आहेत, मराठीचा तास खरोखर होतो आणि मूल चालत जाऊ शकते. पहिलीत घालून आठवीत काढण्यापेक्षा न घातलेले बरे. काही पालक म्हणतात, जेवढी वर्षे जमेल तेवढी. मी त्यांच्याशी सहमत नाही. भाच्याची हकीकत तुम्ही ऐकलीच.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक काम देतो. आज घरी गेल्यावर आपली फी किती आहे, ती कोण भरते आणि कशातून भरते, हे विचारा. रागावतील कदाचित. पण विचारा. आणि आजीशी तिच्याच भाषेत विचारा.

त्या भगिनींनी शेवटी काय केले, हे कोणी विचारील म्हणून सांगतो. त्यांनी पतीशी पुन्हा बोलून नवी मुंबईतीलच, पण सीबीएसईची दुसरी एक शाळा पाहिली. फी निम्म्याहून कमी. उर्दू तेथे नाही. ती त्या स्वतः घरी शिकवणार आहेत. मोठी मुलगी जूनमध्ये जाईल असे ठरले आहे, धाकट्याचा निर्णय पुढच्या वर्षी.

मी आज मगरिबपर्यंत येथेच आहे. ज्यांनी एखाद्या शाळेचे फीपत्रक सोबत आणले असेल त्यांनी चहानंतर आठवी 'ब'च्या वर्गात यावे. कागद, पेन्सिल आणि बेरजेचे यंत्र मी आणले आहे. ज्यांनी हप्त्यांच्या करारावर आधीच सह्या केल्या आहेत त्यांनी तो करारही आणावा. त्यांचे आधी पाहू.